वळवलेल्या पाण्याचा न्याय

लोणावळ्याच्या वळवण धरणात साठणारं पाणी मुळात इंद्रायणीचं. धरण नसतं तर ते देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेत गेलं असतं, उजनी आणि पंढरपूर मागे टाकून कर्नाटकात शिरलं असतं, रायचूर जिल्ह्यात कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पोचलं असतं. पण 1915 पासून त्यातलं बरंच पाणी उलट दिशेनं जातं. कड्यावरून लोखंडी नळांतून ते खोपोलीला उतरतं, वीज तयार करतं, पाताळगंगेत पडतं आणि अरबी समुद्राची वाट धरतं. आंदर मावळातलं ठोकळवाडीचं पाणी असंच भिवपुरीला उतरून उल्हास नदीत जातं. शेजारच्या मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरून कुंडलिकेत जातं.

देशादेशांतल्या धरणांच्या तंट्यांचा विषय निघाला की सिंधू, गंगा, नाईल ही नावं येतात. पण वरच्यानं पाणी अडवायचं, दुसऱ्या खोऱ्यात न्यायचं, खालच्यानं हक्क सांगायचा आणि ज्याची जमीन बुडाली त्याला कुणी विचारायचंच नाही, हे सगळं मावळात शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे. म्हणून हा विषय मी एकाच घरातल्या दोन माणसांपुढे मांडला. एक आंदर मावळातले. त्यांच्या आजोबांची भातखाचरं ठोकळवाडीच्या पाण्याखाली गेली. ते स्वतः पाटबंधारे खात्यात अभियंता झाले आणि निवृत्तीनंतर लोणावळ्यात राहायला आले. दुसरी त्यांची भाची. आई मावळातली, वडील माढा तालुक्यातले, वकिली सोलापुरात. नावं देत नाही. ती त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो.

सुरुवात भाचीनंच केली. "मामा, नदी ज्या खोऱ्यात वाहते त्या खोऱ्याचा पाण्यावर पहिला हक्क. हे पाणी भीमेचं. 1911 साली तुमच्या लोणावळ्यात मुंबईच्या गव्हर्नरानं पायाचा दगड बसवला तेव्हा सोलापूरच्या एकाही शेतकऱ्याला कुणी विचारलं होतं का? सरकार इंग्रजांचं, वीज मुंबईच्या गिरण्यांना, पाणी आमचं. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यात, किती खोल गेलं होतं ते आम्ही पाहिलंय. आणि त्याच वेळी इथलं पाणी घाट उतरून समुद्राला जात होतं."

"समुद्राला जात होतं, हे अर्धंच खरं," मामा म्हणाले. "भिवपुरीतून बाहेर पडलेलं पाणी कर्जतच्या राजनाला कालव्यात जातं, तिथं उन्हाळी भात होतो. पुढं उल्हास नदीवर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण ही शहरं पाणी पितात. पाताळगंगेवर रसायनीची औद्योगिक वसाहत आहे, कुंडलिकेवर रोह्याची. तू नळ बंद कर म्हणालीस तर लाखो माणसांचं पाणी तुटतं. त्यांनी काय गुन्हा केला? ती माणसं 1911 ला नव्हती, पण आज आहेत."

"म्हणजे आधी घेतलं तो मालक?"

"मालक नाही. पण चालू वापर कुठलाच लवाद एका फटक्यात मोडत नाही. बच्छावत लवादानंही मोडला नाही. पण मोकळाही सोडला नाही, हे तुम्ही सोलापूरवाले सांगत नाही."

इथं मामांनी जे सांगितलं ते आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कृष्णा पाणीतंटा लवाद 1969 मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आणि त्याचा निवाडा 1976 मध्ये राजपत्रात आला. महाराष्ट्राला 560 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), कर्नाटकाला 700, आंध्र प्रदेशाला 800. हे आकडे बहुतेकांनी ऐकलेले असतात. त्याच निवाड्यात या घाटमाथ्यासाठी एक वेगळं कलम आहे. वळवण, ठोकळवाडी आणि मुळशी ही धरणं टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांची. त्यांच्यासाठी वरच्या भीमेच्या खोऱ्यातून पश्चिमेला वळवायचं पाणी कोणत्याही एका जलवर्षात 54.5 टीएमसीपेक्षा जास्त असता कामा नये, आणि लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून 212 टीएमसीपेक्षा जास्त असता कामा नये. जलवर्ष 1 जूनला सुरू होतं. कोयनेतून पश्चिमेला सोडायच्या पाण्यावरही अशीच 67.5 टीएमसीची मर्यादा आहे.

"दोन मर्यादा का, ते बघ," मामा सांगत होते. "पाऊस दर वर्षी सारखा नसतो. चांगल्या सालात 54 पर्यंत जा, पण मग पुढच्या सालांत हात आखडता घ्यावा लागतो, कारण पाच वर्षांची बेरीज अडवते. निसर्गाचे चढउतार धरून घातलेलं बंधन आहे हे. मोघम न्यायबुद्धीवर सोडलेलं नाही. मला करार आवडतो तो यासाठी. आकडा असला की भांडण मोजता येतं."

भाचीला हे पुरेसं वाटलं नाही. "आकडा कुणाकुणात ठरला? महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र. त्या खोलीत माढा नव्हतं, आणि मामा, तुमचं आंदर मावळही नव्हतं. नाईलचं असंच झालं. 1959 मध्ये इजिप्त आणि सुदाननं नदीचं पाणी आपसात वाटून घेतलं. इजिप्तला 55.5 अब्ज घनमीटर, सुदानला 18.5. ज्या इथिओपियाच्या डोंगरांवरून नदीला बहुतेक पाणी येतं त्याला विचारलंच नाही. मग इथिओपियानं निळ्या नाईलवर धरण बांधलं, 2020 पासून भरत नेलं, 2025 मध्ये उद्घाटन केलं, तेव्हा इजिप्तनं ओरड केली. ज्याच्या डोंगरावर पाऊस पडतो त्याला वगळून केलेली वाटणी टिकत नाही."

"आणि म्हणून तू तीच चूक उलटी करणार? सोलापूर ठरवणार आणि कोकण ऐकणार?"

थोडा वेळ दोघं गप्प. मग मामांनी कागद ओढला. त्यांचा हिशोब असा. खोपोलीला पाणी साधारण पाचशे मीटर खाली येतं. एक टीएमसी म्हणजे 2.83 कोटी घनमीटर. यंत्रातली घट सोडली तरी एका टीएमसीमागे तीन कोटी युनिटांहून जास्त वीज होते, कोळसा न जाळता. खोपोली, भिवपुरी आणि भिरा मिळून 447 मेगावॉटचे संच आहेत, आणि ते काही मिनिटांत चालू होतात. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली तशा वेळी अशा संचांची किंमत कळते. तेच एक टीएमसी पूर्वेला सोडलं तर त्यातून 2,800 हेक्टरांवर मीटरभर उंचीचं पाणी उभं राहील. "आता तूच सांग," ते म्हणाले, "ते पाणी ज्वारीला जाणार असेल तर मी आज सही करतो. पण सोलापूर जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. राज्यात सगळ्यात जास्त. दुष्काळी जिल्ह्यात ऊस लावायचा आणि घाटावरचं पाणी मागायचं, हे मला पटत नाही. शिवाय पाणी पूर्वेला आणलं म्हणून महाराष्ट्राचे 560 टीएमसी वाढत नाहीत. हिस्सा तोच, वापराची जागा बदलते. आणि वरच्या भीमेतल्या वापरावरही लवादाची मर्यादा आहेच."

उसाच्या मुद्द्यावर भाचीनं वाद घातला नाही. "बरोबर आहे," एवढंच म्हणाली. "पण उजनीच्या पाण्याचा गैरवापर होतो म्हणून वरच्याला मोकळं रान मिळत नाही. आम्ही आमची पिकं बदलायची, हे मान्य. तुम्ही तुमचा हिशोब उघडा करायचा, हे तुम्हाला मान्य आहे का?"

याचं उत्तर मामांनी लगेच दिलं नाही, ते शेवटी दिलं. मधे विषय सीमेपलीकडे गेला आणि तिथंच दोघांच्या भूमिकांची खरी परीक्षा झाली.

मामांनी आधी भाचीला पकडलं. "म्हादईच्या बाबतीत तू कुणाच्या बाजूनं?"

"गोव्याच्या," ती ठामपणे म्हणाली. "पश्चिमेला वाहणारी नदी कर्नाटकानं पूर्वेला मलप्रभेत का न्यावी? कळसा-भांडुरा या तिच्या उपप्रवाहांचं 3.9 टीएमसी पाणी वळवायला म्हादई लवादाच्या 2018 च्या निवाड्यानं परवानगी दिली, ती मला चुकीची वाटते."

"कारण खोऱ्याबाहेर पाणी न्यायचं नाही. ठीक. मग मराठी माणसानं गोव्याची बाजू घेताना आधी लोणावळ्याकडे बघायला नको का? तिथं कर्नाटक पश्चिमेचं पाणी पूर्वेला नेऊ पाहतो म्हणून आपण रागावतो. इथं आपण पूर्वेचं पाणी पश्चिमेला नेतो, त्याच्या दहा पटींहून जास्त. आणि म्हादईच्या निवाड्यात महाराष्ट्रालाही 1.33 टीएमसी मिळालंय. तेवढ्यापुरते आपण गप्प बसतो."

"माझं म्हणणं दोन्हीकडे एकच आहे, मामा. मी टाटांच्या नळालाही विरोधच करते आहे."

"मग किशनगंगेला काय करशील?"

हा प्रश्न चपखल होता. काश्मीरमध्ये गुरेझच्या बाजूला भारतानं किशनगंगा अडवली, बोगद्यातून पाणी बांदिपोऱ्याच्या वीजघरात नेलं आणि वुलर सरोवराकडे, म्हणजे झेलमच्या बाजूला सोडलं. खालच्या अंगाला नियंत्रण रेषेपलीकडे हीच नदी नीलम होते आणि तिच्यावर पाकिस्तानचा स्वतःचा वीजप्रकल्प आहे. पाकिस्ताननं 2010 मध्ये सिंधू करारानुसार लवादाकडे दाद मागितली. एका नदीचं पाणी डोंगर पार करून दुसरीकडे न्यायचं आणि उंचीवरून पाडून वीज करायची. खोपोलीचंच चित्र आहे हे, फरक एवढाच की मधे देशाची सीमा आहे. 2013 मध्ये निर्णय आला. भारताला पाणी वळवू दिलं, पण धरणाखाली नदीत कायम सेकंदाला किमान 9 घनमीटर पाणी सोडण्याचं बंधन घातलं. पाणी वळवायला सुरुवात झाल्यापासून सात वर्षांनी कुठल्याही बाजूला हा आकडा पुन्हा तपासून मागता येईल, अशी सोयही ठेवली. 330 मेगावॉटचा तो प्रकल्प 2018 मध्ये सुरू झाला.

"हा निर्णय तुला मान्य आहे की नाही?" मामांनी विचारलं.

भाची विचार करून म्हणाली, "मान्य आहे. कारण त्यात तीन गोष्टी आहेत. वळवायला परवानगी आहे, पण धरणाखालची नदी जिवंत ठेवायची सक्ती आहे. ती किती, हे आकड्यात आहे. आणि तो आकडा कायमचा नाही. मग मला हे सांगा, वळवणच्या खाली इंद्रायणीला, ठोकळवाडीच्या खाली आंध्रा नदीला असं ठरवून दिलेलं किमान पाणी का नको? देशादेशांच्या भांडणात पाकिस्तानच्या नदीला जे मिळालं ते आमच्या आळंदीच्या इंद्रायणीला का मिळू नये?"

मामा हसले नाहीत. "हा मुद्दा मी लिहून घेतो," म्हणाले. आणि खरंच लिहून घेतला.

मग भाचीची पाळी. "मामा, तुम्ही मघापासून करार, करार म्हणताय. 23 एप्रिल 2025 ला पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतानं सिंधू करार स्थगित ठेवला, त्यावर काय म्हणाल?"

"योग्य केलं," मामांचं उत्तर तयार होतं. "करार विश्वासावर उभा असतो. माणसं मारणाऱ्याशी पाण्याचा हिशोब कसला?"

"राग मलाही आहे. पण 1960 चा तो करार 1965, 1971 आणि कारगिल या तीन लढायांतून टिकला. सैन्यं लढत असतानाही दोन्ही देशांचे सिंधू आयुक्त नद्यांच्या पातळीचे आकडे एकमेकांना देत होते. आज आपण वरचे म्हणून थांबवू शकतो. उद्या ब्रह्मपुत्रेवर आपण खालचे आहोत. 2017 मध्ये डोकलामच्या वेळी चीननं ब्रह्मपुत्रेच्या पुराचे आकडे दिले नाहीत, तेव्हा आपण तक्रार केली. तिबेटात ब्रह्मपुत्रेच्या वळणावर त्यांनी जुलै 2025 मध्ये प्रचंड वीजप्रकल्पाचं काम सुरू केलंय. त्यांच्याकडे आपण कोणत्या तोंडानं आकडे मागायचे?"

या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं नाही, आणि ते घडवायचा प्रयत्न मी केला नाही. माझं मत विचाराल तर दहशतवादाला उत्तर द्यायचे मार्ग दुसरे असू शकतात आणि असावेत. पुराची माहिती रोखणं हा मार्ग होऊ नये, कारण पुरात वाहून जाणारा माणूस हल्लेखोर नसतो. मामांना हे मान्य नव्हतं, पण त्यांनी एक गोष्ट कबूल केली. "सांगलीत बसलो असतो तर मीही हेच म्हणालो असतो."

सांगलीचा उल्लेख सहज आला, पण तो महत्त्वाचा आहे. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा कुणाच्या वाट्याला किती टीएमसी, हा प्रश्न नव्हता. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून आत्ता, या घटकेला किती क्युसेक सोडायचं, कोयना-वारणेतून किती, आणि कुणी कुणाला किती तास आधी सांगायचं, हा प्रश्न होता. 1976 च्या निवाड्यात त्याचं उत्तर नव्हतं. अलमट्टीची उंची 519.6 मीटरवरून 524.256 पर्यंत न्यायला दुसऱ्या कृष्णा लवादानं मोकळीक दिली. पण 2004 मध्ये नेमलेल्या त्या लवादाचा निवाडा 2013 मध्ये अंतिम होऊनही सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकांमुळे राजपत्रात येऊ शकला नाही. वाटणी ठरायला वीस-वीस वर्षं लागतात आणि पूर तीन दिवसांत येऊन जातो.

यानंतर भाचीनं जो विषय काढला तो मामांना झोंबणारा होता. "तुम्ही करारवाले आहात, ठीक. पण 9 ऑगस्ट 2011 ला काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलंत."

त्या दिवशी मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आले होते. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळातून थेट पाणी नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. नळातून पाणी गेलं की नदीत उरणार नाही, नदीकाठच्या मोटारी कोरड्या पडतील, ही त्यांची भीती होती. धरणासाठी जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा जुना राग होताच. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले, त्यातली एक बाई होती. योजना थांबली. शहराची तहान थांबली नाही.

"हे दोन देश नव्हते, दोन राज्यंही नव्हती," भाची म्हणाली. "एकाच जिल्ह्यातला तालुका आणि शेजारचं शहर. यांच्यासाठी लवाद कुठं होता? 1956 चा आंतरराज्य पाणीतंटा कायदा राज्यांसाठी. सिंधू करार देशांसाठी. मावळातला शेतकरी कुठल्या दारात जाणार होता? दार नव्हतं म्हणून तो रस्त्यावर आला."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या घरात मुळशीची गोष्ट सांगायचे. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांना सेनापती म्हणू लागले ते त्या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे होते. त्यांनी बांधकाम अडवलं, तुरुंगात गेले, आणि धरण तरीही झालं. ठोकळवाडी त्याआधीच उभं राहत होतं. त्यासाठी असा सत्याग्रह झाला नाही. आजोबा म्हणायचे, मुळशीच्या लोकांचं नाव तरी राहिलं. आज कुसूर, सावळे, खांडी या गावांत जा. दारात तलाव, आणि उन्हाळ्यात बाईच्या डोक्यावर हंडा. तलावाचं पाणी लवादाच्या हिशोबात आहे, कंपनीच्या हिशोबात आहे, कोकणच्या हिशोबात आहे. गावाच्या हिशोबात नाही. मी आयुष्यभर खात्यात आकडे लिहिले. या गावांचा रकाना त्या वहीत नव्हता, हे खरं आहे."

इथं मला वाटलं, आता मामा आपली बाजू सोडतील. तसं झालं नाही, आणि ते मला आवडलं. ते म्हणाले, "पण म्हणून आकडा टाकून द्यायचा नाही. रकाना वाढवायचा."

मग मामांनी आपल्या नोकरीच्या काळात पाहिलेलं जायकवाडीचं प्रकरण सांगितलं. नाशिक-नगरची धरणं वर, मराठवाड्याचं जायकवाडी खाली. दर दुष्काळात वरचे म्हणायचे आम्हालाच पुरत नाही, खालचे म्हणायचे हा आमचा हक्क. 2005 च्या कायद्यानं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं आणि समन्यायी वाटपाचं तत्त्व कायद्यात बसलं. 2014 मध्ये प्राधिकरणाचा आदेश झाला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, आणि किती सोडायचं ते साठ्यांच्या तक्त्यावरून ठरणार. उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. भांडणं संपली नाहीत. नाशिकचे लोक अजूनही रागावतात. पण आता भांडण एका तारखेवर आणि एका तक्त्यावर येऊन थांबतं. "भावाभावांत बांध सरकवायचा वाद सुरू झाला की गावातला शहाणा माणूस आधी दोरी आणायला सांगतो," मामा म्हणाले. "दोरी कुणाची, ते नंतर."

भाचीनं याला गंगेची जोड दिली. 12 डिसेंबर 1996 चा भारत-बांगलादेश करार असाच आहे. 1 जानेवारी ते 31 मे, दर दहा दिवसांचा हिशोब. फराक्क्याला 70,000 क्युसेकपर्यंत पाणी असेल तर निम्मं-निम्मं. त्याहून वाढलं तर आधी बांगलादेशाला ठरावीक 35,000 आणि त्याही वर गेलं तर भारताला ठरावीक 40,000. दोन्ही देशांची माणसं फराक्क्याला आणि हार्डिंज पुलापाशी एकत्र मोजमाप करतात. "हा करार तीस वर्षांचाच आहे," ती म्हणाली. "पुन्हा बसून ठरवावा लागतो. हवामान बदलतं, शहरं वाढतात, पिकं बदलतात. 1976 चा आकडा 2026 मध्ये तसाच का राहावा? बच्छावतांनी स्वतःच 31 मे 2000 नंतर निवाड्याचा फेरविचार करता येईल असं लिहून ठेवलं होतं."

"फेरविचार, मान्य," मामा म्हणाले. "एकतर्फी मोडणं अमान्य. टाटांचं कलम आपण एकट्यानं उघडलं की कर्नाटक आणि तेलंगण बाकीची सगळी कलमं उघडायला सांगतील. टेबलावर सगळं एकदम यायला हवं. आणि हेही लिही. दोघांनी मिळून बांधलेलं धरण भांडणाला कमी जागा ठेवतं. तिलारी बघ. 1990 मध्ये महाराष्ट्र आणि गोवा बसले, खर्च आणि पाणी दोन्ही वाटून घेतलं. गोव्याचा वाटा जवळजवळ तीन चतुर्थांश, धरण आपल्या दोडामार्गात."

"आणि तिथंही विस्थापित नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षं उपोषणाला बसले," भाची लगेच म्हणाली. मामांनी मान हलवली.

दोघांचं ऐकून माझं मत पक्कं झालं ते असं. पाणी कुणाचं, हा प्रश्न वकिलीला चांगला आहे, तंटा मिटवायला निरुपयोगी. खोऱ्याचा हक्क म्हटला तर किशनगंगा चुकीची ठरते. आधीच्या वापराचा हक्क म्हटला तर इथिओपियानं कधी दिवाच लावायचा नाही. ज्याच्या डोंगरावर पाऊस त्याचं पाणी म्हटलं तर सांगलीनं कोयनेकडे आणि आसामनं चीनकडे काही मागूच नये. प्रत्येक तत्त्व एका नदीवर आपल्या सोयीचं असतं आणि दुसऱ्या नदीवर अडचणीचं. म्हणून तत्त्वावर अडून बसलेली राष्ट्रं पन्नास वर्षं तिथंच बसतात. टिकतो तो नियम, ज्यात कोणत्या तारखेला, किती साठा असताना, किती सोडायचं हे लिहिलेलं असतं, मोजमाप दोन्ही बाजूंना उघडं असतं आणि पुन्हा तपासायची तारीख आधीच ठरलेली असते. भाचीची धार मात्र मला इथं जोडायची आहे. असा नियम फक्त सरकारांनी बसून केला तर तो बऊरच्या रस्त्यावर तुटतो. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली आणि ज्यांच्या विहिरी नदीवर चालतात, त्यांची खुर्ची त्या टेबलाशी हवी. सल्ला देण्यापुरती नव्हे, सहीच्या हक्काची.

मामांनी राहिलेलं उत्तर तेव्हा दिलं. "हिशोब उघडा करायचा का, विचारत होतीस ना? करायचा. रोज. वळवण, शिरोता, ठोकळवाडी, मुळशी. पश्चिमेला किती गेलं, पूर्वेला नदीत किती सोडलं, पाच वर्षांच्या 212 पैकी किती उरलं. यात गुपित काही नाही. लोकांना समजेल अशा मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर."

"आणि उजनीच्या कालव्यावर कोणत्या पिकाला किती, तेही फळ्यावर," भाची म्हणाली. "आम्हीही लपवणार नाही."

हे मागायला लवाद लागत नाही, राजपत्र लागत नाही. मावळातल्या आणि माढा-पंढरपूरकडच्या ग्रामसभांनी एकच ठराव करावा. येत्या 1 जूनला जलवर्ष सुरू होताना या धरणांमधलं पूर्वेचं आणि पश्चिमेचं रोजचं पाणी आकड्यांत जाहीर व्हावं, धरणांखाली इंद्रायणीला आणि आंध्रेला वर्षभर सोडायचं किमान पाणी ठरावं, आणि ते ठरवताना तलावाकाठच्या गावांचे प्रतिनिधी समितीत असावेत. ठरावाची प्रत जलसंपदा खात्याला आणि नियमन प्राधिकरणाला पाठवा. घाटाखालच्या कर्जत आणि खोपोलीच्या ग्रामस्थांनाही पाठवा, कारण ते या पाण्याचे तिसरे वाटेकरी आहेत आणि त्यांना वगळून काही ठरवायचं नाही.